मॉरिशसमध्ये चक्रीवादळाचा इशारा लागल्यावर: काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने

‘क्लास टूच लागलाय ना? म्हणजे वादळ मध्यमच दिसतंय. मग उद्याची बोटीची सहल होईल ना?’ नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंतच्या वादळी मोसमात पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पर्यटकांचा हा ठरलेला प्रश्न. नोकरीसाठी नव्याने इथे राहायला आलेली मराठी मंडळीही तोच विचारतात. चूक प्रश्नातच आहे, आणि पुढचे बहुतेक घोळ तिच्यातूनच होतात. मॉरिशसचा ‘क्लास’ वादळ किती मोठं आहे हे सांगत नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाचे वाऱ्याचे झोत बेटावर पोचायला किती वेळ उरलाय, हे सांगतो. ते घड्याळ आहे, आणि ते उलटं चालतं.

भारतातल्या पिवळ्या-नारिंगी-लाल इशाऱ्यांची किंवा बंदरावरच्या एक ते अकरा बावट्यांची सवय इथे उतरल्यावर बाजूला ठेवा. खाली दिलेला क्रमही महत्त्वाचा आहे. वस्तूंची यादी बहुतेकांना पाठ असते, पण कुठलं काम कधी संपायला हवं याचा हिशेब चुकतो.

## १. कोण काय ठरवतं, ते आधी समजून घ्या

वाकोआ गावी मॉरिशसच्या हवामान सेवेचं मुख्यालय आहे. क्लास लावणं, वाढवणं आणि उतरवणं हे फक्त तिचं काम.

त्यापुढचं सगळं नॅशनल डिझास्टर रिस्क रिडक्शन अँड मॅनेजमेंट सेंटरकडून हलतं. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत दोन तासांच्या आत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि अकरा माणसं गेली. त्याच वर्षी हे केंद्र उभं राहिलं आणि २०१६ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. संकट आलं की नॅशनल क्रायसिस कमिटी बसते. बस-मेट्रो कधी थांबवायच्या, कार्यालयं कधी सोडायची, संचारबंदी लावायची का, हे तिथे ठरतं. प्रत्यक्ष हालचालींची सूत्रं पोलीस आयुक्तांच्या हाताखालच्या आणीबाणी कक्षाकडे असतात. पोलीस, स्पेशल मोबाइल फोर्स हे निमलष्करी पथक, अग्निशमन दल आणि तटरक्षक दल तिथून हलवले जातात. गावपातळीवर नगरपालिका आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या समित्या असतात. नाले साफ करणं आणि निवारा केंद्रं उघडणं ही कामं त्यांच्या वाट्याची.

हे सांगायचं कारण साधं आहे. चुकीच्या माणसाला विचारलं की चुकीचं उत्तर मिळतं. हॉटेलच्या रिसेप्शनला ‘वादळ येणार का’ विचारून उपयोग नाही. ‘तुमचा निवाऱ्याचा मजला कोणता, जनरेटर किती तास चालतो’ हे विचारा. घरमालकाला क्लास विचारू नका, शटर कुठली बंद होत नाहीत ते विचारा.

सावधान: फ्रान्सचं रीयुनियन बेट जेमतेम दोनशे किलोमीटरवर आहे आणि तिथल्या फ्रेंच हवामान केंद्राचे नकाशे सगळ्यांच्या फोनवर फिरतात. तिथला नारिंगी, लाल, जांभळा इशारा तिथल्या लोकांसाठी असतो. वादळाचा मार्ग समजून घ्यायला तो नकाशा जरूर पाहा, पण घराबाहेर पडायचं की नाही हे त्यावरून ठरवू नका. रॉड्रिग्ज बेट मॉरिशसचंच आहे, पण पूर्वेला साडेपाचशेहून अधिक किलोमीटर दूर. त्याचा इशारा वेगळा निघतो. ‘क्लास थ्री’ हे शब्द कानावर पडले की पहिला प्रश्न असा: कुठल्या बेटाला?

## २. क्लास वाचायला शिका

क्लास वन: १२० किलोमीटरचे झोत यायला साधारण ३६ ते ४८ तास आहेत.

क्लास टू: शक्य असेल तिथवर, झोतांच्या आधी १२ तासांचा उजेड मिळेल अशा बेताने लावतात.

क्लास थ्री: तसाच, पण उजेडाचे ६ तास.

क्लास फोर: बेटावर काही ठिकाणी १२० किलोमीटरचे झोत मोजले गेले आहेत आणि ते चालूच राहणार आहेत.

यानंतर इशारा उठवल्याची सूचना निघते.

इथे दोन गोष्टी हमखास नजरेतून सुटतात.

पहिली, उजेड. हे तास घड्याळाचे नाहीत, दिवसाचे आहेत. समजा जानेवारीचा मध्य आहे. सूर्य पावणेसहाला उगवतो आणि सातच्या सुमाराला मावळतो. मंगळवारी पहाटे पाचला झोत येतील असा अंदाज आहे. तर सहा तासांच्या उजेडासाठी क्लास थ्री सोमवारी दुपारी एकच्या सुमारास लागायला हवा, म्हणजे प्रत्यक्ष झोतांच्या सोळा तास आधी. बाहेर तेव्हा ऊन असेल, वारा जेमतेम असेल, आणि ‘उगाच घाबरवतायत’ असं म्हणणारे शेजारी असतील. आता तेच झोत मंगळवारी दुपारी तीनला अपेक्षित असतील तर क्लास थ्री मंगळवारी सकाळी नऊलाही लागू शकतो. तुम्ही तोवर ऑफिसात पोचलेले असाल. क्लास तोच, पण तुमच्या हाताशी असलेला वेळ पूर्ण वेगळा. म्हणून क्लासच्या आकड्यासोबत बुलेटिनमधला झोतांचा अंदाजित वेळ, वादळाचं अंतर आणि त्याचा वेग रोज लिहून ठेवा. ‘शक्य असेल तिथवर’ हे शब्दही विसरू नका. वादळ वळलं किंवा वेग धरला तर मधली एखादी पायरी फार तोकडी होते.

दुसरी, झोत. १२० हा आकडा क्षणिक झोताचा आहे, सलग वाहणाऱ्या वाऱ्याचा नाही. परदेशी वाहिन्यांवर सलग वाऱ्याचा वेग सांगतात, तो नेहमीच कमी दिसतो. दोन आकडे एकमेकांशी ताडून ‘वादळ ओसरलं’ असं अनुमान काढणारे मला दर मोसमात भेटतात.

तपासा: रेडिओवर फ्रेंच आणि क्रिओल आधी ऐकू येतं, हिंदी-भोजपुरीतही बातम्या असतात, पण वाट पाहायला नको. ‘अं, द, त्र्वा, कात्र’ हे एक ते चार आकडे कानाला ओळखीचे करून घ्या. तेवढं पुरतं. आणि नियमांचे बारकावे बदलत असतात, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला त्या वर्षीचं अधिकृत पत्रक एकदा वाचाच.

## ३. मोसमाआधी: ऑक्टोबरातली कामं

भिंती-छत हा इथे फारसा प्रश्न नसतो. १९६० च्या कॅरोल वादळानंतर बेटाने काँक्रीटची घरं बांधायला घेतली, त्यामुळे तुम्ही भाड्याने घेतलेलं घर बहुधा सपाट गच्चीचं, भक्कम असेल. धोका असतो तो काचा, गच्ची आणि पाणी यांचा.

गच्चीवर जा. पाण्याची टाकी पट्ट्याने बांधलेली आहे का? भरलेली टाकी जड असते, हलत नाही. अर्धी रिकामी टाकी उडते. गच्चीच्या कडेची पाणी जायची भोकं पालापाचोळ्याने बुजलेली असतील तर ती मोकळी करा. सपाट गच्चीत हातभर पाणी साठलं की ते जिन्यातून थेट घरात उतरतं, आणि लोक मग छत गळतंय म्हणून घरमालकाशी भांडत बसतात. मोठ्या सरकत्या काचेच्या दारांना शटर नसेल तर मापात कापलेल्या प्लायच्या फळ्या आणि खिळे-स्क्रू आधीच तयार ठेवा. इशारा लागल्यावर हार्डवेअरच्या दुकानात प्लाय मिळत नाही. काचेवर चिकटपट्टीची फुली मारणं हा निव्वळ मनाचा दिलासा आहे. काच फुटायची ती फुटतेच, फार तर मोठ्या तुकड्यांत.

घर सखल भागात, नदीकाठी किंवा समुद्राला लागून असेल तर जवळचं निवारा केंद्र कोणतं ते आत्ताच शोधा. बहुधा ते गावातलं कम्युनिटी सेंटर किंवा सोशल वेल्फेअर सेंटर असतं. एकदा पायी जाऊन या, म्हणजे वाटेत ओढा किंवा पूल लागतो का ते कळेल. लागत असेल तर तुम्हाला इतरांच्या एक पायरी आधी निघायचं आहे.

शेती, मासेमारी किंवा छोटा धंदा असलेल्यांसाठी खरी तयारी कागदावरची असते. ऊस लावणाऱ्यांसाठी शुगर इन्शुरन्स फंड बोर्ड आहे, भाजीपाल्याच्या लहान शेतकऱ्यांसाठी स्मॉल फार्मर्स वेल्फेअर फंड. नोंदणीकृत मच्छीमारांना खराब हवेच्या दिवसांचा भत्ता मिळतो. पण नोंदणी वादळाआधीची लागते. वादळानंतर फॉर्म घेऊन रांगेत उभे राहणारे दरवेळी असतात आणि त्यांची चिडचिड समजण्यासारखी असली तरी तिचा उपयोग नसतो.

कागद: पासपोर्ट, ऑक्युपेशन परमिट (इथे राहून काम करायचा परवाना), घराचा करार, विमा पॉलिसी हे सगळं प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवा आणि फोटो दुसऱ्या देशातल्या कुणाच्या तरी फोनवर पाठवा. वाहनाच्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलंय का, हे वाचायला पाच मिनिटं लागतात. बहुतेक जण ती पाच मिनिटं गाडी पाण्यात गेल्यावर देतात.

## ४. क्लास वन: खरेदी आणि निर्णय

या पायरीवर सगळं सुरू असतं, म्हणूनच ती फुकट जाते. खरं तर सगळ्यात जास्त कामं इथेच उरकायची.

क्रम असा ठेवा. आधी औषधं, मग पेट्रोल, मग रोख पैसे, मग गॅस सिलिंडर, आणि शेवटी किराणा. लोक नेमकं उलटं करतात. पाव आणि सार्डिनच्या डब्यांसाठी सुपरमार्केटच्या रांगेत दोन तास घालवतात आणि आजीची रक्तदाबाची गोळी राहून जाते. वीज गेली की कार्ड चालत नाही, एटीएम चालत नाही. लहान नोटा हव्यात.

किराण्यात शिजवावं न लागणारं असू द्या: पोहे, चिवडा, बिस्किटं, फळं, डबाबंद मासे किंवा कडधान्यं. आपल्याकडची दडपे पोह्यांची सोय इथे फार कामी येते. फ्रीजरमध्ये मटण-मासळी भरून ठेवू नका. उलट असलेली संपवा आणि रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवा.

पर्यटक असाल तर निर्णय आज घ्या. विमान पुढे ढकलायचं की अलीकडे घ्यायचं, हे क्लास वनला विमान कंपनीशी बोलता येतं. क्लास टू लागल्यावर फोन लागत नाही, आणि पुढे प्लेन मान्यांचा विमानतळ बंद होतो. बेटावर मोठा विमानतळ एकच आहे, दुसऱ्या शहरात जाऊन विमान पकडण्याचा पर्याय नाही.

सावधान: हवा छान असली तरी समुद्र छान नसतो. वादळ शेकडो किलोमीटर दूर असतानाच लाटा येतात आणि खडकांच्या रांगेच्या आतलं शांत वाटणारं पाणीही बाहेर ओढायला लागतं. समुद्रात उतरणं, खडकावर उभं राहून फोटो काढणं क्लास वनपासून बंद.

## ५. क्लास टू: घर बंद करणं आणि वेळेत घरी पोचणं

शाळा क्लास थ्रीची वाट पाहत नाहीत, त्या आधीच बंद होतात. कार्यालयं मात्र सुरू राहू शकतात, आणि खरा सापळा तिथेच आहे.

१५ जानेवारी २०२४, सोमवार. बेलाल वादळ बेटाजवळ होतं. लोक सकाळी नेहमीसारखे पोर्ट लुईत कामाला आले. दिवसा पावसाचा लोंढा आला, रस्त्यांचे ओढे झाले, गाड्या एकमेकींवर चढल्या, आणि इशारा वाढला तेव्हा हजारो माणसं घराबाहेर होती. एवढा गदारोळ झाला की हवामान सेवेच्या संचालकांनी पद सोडलं. इशारा उशिरा लागला का, यावर इथे आजही वाद घालता येतो. पण घरी कधी निघायचं हे ठरवताना तो वाद कामाचा नाही. पोर्ट लुई डोंगरांच्या कुशीत, समुद्राच्या पातळीवर वसलंय. ले पूस डोंगरावरून उतरणारं पाणी शहराच्या पोटातून समुद्राकडे जातं, आणि २०१३ मध्येही हेच झालं होतं. त्या वेळी माणसं भुयारी मार्गात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये अडकली. म्हणून माझा नियम कडक आहे: क्लास टू असताना झोत चोवीस तासांच्या आत अपेक्षित असतील तर पोर्ट लुईला जायचंच नाही; गेला असाल तर दुपारच्या आधी निघा. गाडी तळघरात लावायची नाही.

घरातली कामं या क्रमाने:

१. अंगणातलं आणि बाल्कनीतलं सुटं सामान आत घ्या: कुंड्या, खुर्च्या, कपड्यांचा स्टँड, कचऱ्याचा डबा. शेजाऱ्याच्या पत्र्याकडेही पाहा. तुमची काच बहुधा त्याच्याच सामानाने फुटते.

२. गच्चीवरची टाकी पूर्ण भरा. शिवाय बादल्या, पिंपं, पातेली. वीज नसली की पंप नसतो, आणि सेंट्रल वॉटर अथॉरिटीचं पाणीही गढूळ झाल्यामुळे बंद राहू शकतं. प्यायचं पाणी वेगळं काढून झाका.

३. डिश अँटेना आणि सौर तापकाची जोडणी पाहा. हलत असेल तर दोरीने बांधा.

४. शटर आणि फळ्या लावा. वाऱ्याकडच्या बाजूच्या आधी लावायच्या, पण दुसरी बाजू सोडायची नाही. कारण सातव्या टप्प्यात येईल.

५. फोन, पॉवर बँक, बॅटऱ्या चार्ज करा. सेलवर चालणारा रेडिओ हवाच. मोबाइलचे मनोरे वीज गेल्यावर काही तासांत बंद पडू शकतात, पण रेडिओ चालू राहतो.

६. पुराच्या किंवा किनाऱ्याच्या भागात राहत असाल तर आता निघा, क्लास थ्रीला नको. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, डायलिसिसचे रुग्ण घरात असतील त्यांनीही.

तपासा: सगळं झाल्यावर अंधार करून एकदा घरात फिरा. बॅटरी, औषधं, पाणी, चाव्या न चाचपडता सापडतात का?

## ६. क्लास थ्री: दार बंद

बस आणि मेट्रो थांबतात, दुकानं शटर ओढतात. कायद्याने क्लास थ्री आणि फोर असताना सामान्य कामगाराला कामावर बोलावता येत नाही. अत्यावश्यक सेवेत काम करणाऱ्यांना वेगळा भत्ता आणि जेवण द्यावं लागतं. मालक ‘जरा येऊन जा’ म्हणाला तर हे लक्षात असू द्या.

बाकी या टप्प्यावर करण्यासारखं फार नाही, आणि नसावंच. काही राहिलं असेल तर ते राहू द्या. फळी ठोकायला शिडीवर चढणं आणि गाडी ‘बघून येतो’ म्हणून बाहेर पडणं, माणसं जखमी होतात ती अशा कामांत. मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. पाणी आत शिरू लागलं तर आधी वीज बंद, मग फरशीवरचं सामान वर.

सावधान: पावसाला क्लास नसतो. मुसळधार पावसाचा इशारा वेगळा निघतो आणि वादळ नसतानाही निघतो. २०१३ च्या त्या शनिवारी वादळ नव्हतंच. क्लास उतरला म्हणून पावसाचा इशारा उतरला असं होत नाही. दोन्ही बुलेटिनं वेगवेगळी ऐका.

## ७. क्लास फोर आणि मधली शांतता

खिडक्या नसलेल्या आतल्या खोलीत किंवा बोळात बसा. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी ‘दाब सुटायला’ उघडायची ही जुनी समजूत सोडून द्या. उघडलेल्या खिडकीतून वारा आत घुसतो आणि दार-छत आतून ढकलतो. मेणबत्त्या नकोत, अग्निशमन दल तुमच्यापर्यंत पोचू शकणार नाही.

आता शटर दोन्ही बाजूंना लावायचं ते कारण. वादळाचा डोळा थेट तुमच्यावरून गेला तर वारा अचानक पडतो, कधी आकाश मोकळं होतं, तारेही दिसतात. लोक बाहेर येतात, पडलेलं झाड बघतात, फोटो काढतात. त्यानंतर वारा पुन्हा सुरू होतो, आणि तो उलट्या दिशेने. जी बाजू आतापर्यंत आडोशाची होती तिलाच मार बसतो. शांतता किती वेळ टिकेल हे डोळ्याच्या आकारावर आणि वेगावर अवलंबून असतं. ते तुम्हाला दारात उभं राहून कळणार नाही. नियम एकच: वारा थांबला म्हणून बाहेर नाही, बुलेटिनने सांगितलं म्हणून बाहेर.

कोकणात निसर्ग किंवा तौक्ते पाहिलेल्यांसाठी एक सूचना. दक्षिण गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, आपल्याकडच्या उलट. वाऱ्याला पाठ करून उभं राहिलात तर वादळाचं केंद्र इथे उजव्या हाताला असतं. ‘आता वारा इकडून येतोय म्हणजे वादळ गेलं’ असे तिकडचे आडाखे इथे वापरू नका.

मदत लागलीच तर पोलीस ९९९, रुग्णवाहिका ११४, अग्निशमन ११५. झोतांच्या भरात कुणी निघू शकणार नाही, तरीही फोन करा. नोंद झाली की वारा उतरताच तुमचा नंबर लागतो.

## ८. इशारा उठल्यावर पहिले बारा तास

इशारा उठला म्हणजे १२० च्या झोतांचा धोका टळला, एवढंच. रस्ता, तारा, दरड, पाणी यांबद्दल त्या सूचनेत काहीच म्हटलेलं नसतं.

आधी स्पेशल मोबाइल फोर्स आणि पोलिसांना मुख्य रस्ते मोकळे करू द्या. तुमची गाडी रस्त्यावर आली की त्यांचा ट्रक अडतो. पडलेली तार जिवंतच आहे असं समजा. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्डाला कळवा आणि लहान मुलांना त्या गल्लीत सोडू नका. ओल्या भिंतीतला स्विच दाबू नका. जनरेटर घरात, बंद पडवीत किंवा गॅरेजमध्ये चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू जीव घेतो आणि त्याला वास नसतो.

आवरायला घेण्याआधी फोटो. हा क्रम सगळ्यात जास्त वेळा चुकतो. घरात पाणी शिरल्यावर पहिली ऊर्मी झाडू हातात घ्यायची असते. थांबा. भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्याशेजारी धरलेली मोजपट्टी, फ्रीजच्या मागची कंपनीची पट्टी, गाडीच्या आतला चिखल यांचे फोटो घ्या. प्रत्येक खोलीचा दारातून एक रुंद फोटो आणि मग जवळून. विमा कंपनीच्या माणसाला रेघ पुसलेली भिंत दाखवून काही सिद्ध होत नाही.

पाणी काही दिवस उकळूनच प्या. आणि डासांकडे लक्ष द्या. पिंपं, बादल्या, टायर, कुंड्यांच्या ताटल्या, वादळासाठी भरून ठेवलेलं तेच पाणी आठवड्याभरात अळ्यांनी भरतं. बेलालनंतरच्या महिन्यांत इथे डेंग्यूची साथ होती. वापरून झालं की ओतून टाका किंवा घट्ट झाका.

## ९. भरपाई आणि नोंदी

घरात पाणी शिरलेल्यांनी जवळच्या पोलीस ठाण्यात जबाब नोंदवून घ्यावा. सामाजिक सुरक्षा खात्याच्या मदतीसाठी तो कागद पाया असतो. निवारा केंद्रात राहिला असाल तर तिथल्या यादीत कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव आहे ना, ते निघण्यापूर्वी पाहा. घाईत निघून गेलेल्यांची नावं नंतर घालणं फार जड जातं.

विम्याचा दावा लेखी करा, फोनवर सांगून सोडू नका, आणि दुरुस्ती करण्याआधी परवानगी मागा. तातडीची दुरुस्ती, म्हणजे फुटलेली काच बंद करणं वगैरे, केली तर पावती आणि फुटलेला तुकडा दोन्ही ठेवा. शेतीचं नुकसान असेल तर पाहणी होईपर्यंत पडलेलं पीक उपटू नका.

व्हिसा किंवा पासपोर्ट खराब झालेल्या भारतीयांनी पोर्ट लुईतल्या भारतीय उच्चायोगाला कळवावं. व्हिसाची मुदत संपत आली असेल तर विमान रद्द झाल्याचा कंपनीचा लेखी संदेश जपून ठेवा, तो इमिग्रेशनला दाखवावा लागतो.

## १०. बाहेरून मदत करायची असेल तर

मुंबई-ठाण्याहून कपड्यांची खोकी पाठवण्याची इच्छा चांगली असते, पण कृपा करून पाठवू नका. बेटाचं मुख्य बंदर एक, विमानतळ एक. वादळाआधी मोठी जहाजं बंदरातून खोल समुद्रात पाठवतात. ती परतल्यावर धक्क्यावर पहिली जागा इंधन, औषधं आणि धान्याला लागते. २०१५ च्या पाम वादळानंतर पॅसिफिकमधल्या वानुआतू या देशाच्या धक्क्यावर न मागितलेल्या मदतीचे कंटेनर महिनोन्‌महिने पडून होते आणि त्यांचं भाडं चढत गेलं. पैसे पाठवा, तेही इथल्या रेड क्रॉससारख्या ओळखीच्या संस्थेला किंवा सरकारने जाहीर केलेल्या खात्यात.

बेटावर असाल तर हात चालतात, फक्त कुणाच्या तरी यादीत नाव घालून. ऑगस्ट २०२० मध्ये वाकाशिओ जहाजातून तेल सांडलं तेव्हा माहेबूरच्या लोकांनी उसाचं पाचट कापडी नळ्यांत भरून तरंगते बांध केले, आणि ते उपयोगी पडले. पण पुढे तेल गोळा करायला हातमोजे-मास्क घातलेली प्रशिक्षित माणसंच लागली. वादळानंतरही तसंच आहे: गाळ काढायला, वृद्धांच्या घरी पाणी-जेवण पोचवायला कुणीही चालतं, झाड कापायला, तार उचलायला नाही. सकाळी गावच्या कौन्सिलच्या कार्यालयात जाऊन नाव द्या आणि बूट, हातमोजे, पिण्याचं पाणी स्वतःचं घेऊन जा.

रॉड्रिग्जसाठी काही पाठवायचं असेल तर जड सामान पोर्ट लुईहून जहाजाने जातं आणि प्रवासालाच साधारण दीड दिवस लागतो. तिथल्या रिजनल असेंब्लीने यादी जाहीर केल्याशिवाय काही गोळा करू नका; यादी आल्यावर तेवढंच, एका खोक्यात एकाच प्रकारचं सामान भरून, वर मोठ्या अक्षरात काय आहे ते लिहून द्या.